टोमणा कसा लागतो

कायद्याच्या पुस्तकात विनोद सहसा सापडत नाही. टोमणा मात्र सापडतो. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेचं ४९९वं कलम बदनामीचं आहे. माणसाची अब्रू घालवायला त्याला तोंडावर चोर म्हणावंच लागतं असं नाही, हे कलम लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्पष्टीकरणात लिहून ठेवलं की उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. शिवाय उदाहरण दिलं. अ म्हणतो, झ हा प्रामाणिक माणूस आहे, त्याने ब चं घड्याळ कधीच चोरलेलं नाही. झ नेच घड्याळ लांबवलं असं ऐकणाऱ्यांना वाटावं, हा अ चा हेतू. पुढच्या उदाहरणात घड्याळ कुणी चोरलं असं विचारल्यावर अ नुसतं झ कडे बोट दाखवतो, आणि तिसऱ्यात झ घड्याळ घेऊन पळतोय असं चित्र काढतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि या कलमाचा आकडा ३५६ झाला. उपरोधाचं स्पष्टीकरण तिथेही कायम आहे.

आता त्या पहिल्या उदाहरणाकडे नीट बघा. दोन वाक्यं, दोन्हींत स्तुती, वाईट शब्द औषधालाही नाही. तरी झ ची अब्रू गेली. कशी? ‘कुणी विचारलं होतं?’ या एका प्रश्नामुळे. समोरचा माणूस काही सांगतोय म्हणजे ते सांगण्याची गरज असणार, असं आपण मुकाट्याने धरून चालतो. ती गरज दिसली नाही तर आपणच शोधायला लागतो. घड्याळाचा विषय निघालाच का, चोरीचं नाव आलंच का, मग काहीतरी असेल. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ साली छापून आलेल्या एका निबंधात संभाषणाची ही घडण मांडली. बोलणारा बोलण्याचे साधे नियम उघडउघड मोडतो, तेव्हा ऐकणारा त्याला वेड्यात काढत नाही, तर याला दुसरंच काही म्हणायचं असणार असं समजून अर्थ जुळवतो.

टोमण्याचं सगळं गुपित या जुळवण्यात आहे. बोलणारा सुटे भाग हातात देतो, जोडणी ऐकणारा करतो, आणि जोडून झालं की ते त्यालाच टोचतं. शिवी बाहेरून येते, ती परत करता येते. टोमण्याचा अर्थ आपल्याच डोक्यातून निघालेला असतो, तो कुणाला परत करणार? त्यामुळे शिवी दोन दिवसांत विसरणारी माणसं तीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला टोमणा शब्दन्‌शब्द सांगतात, आणि तेव्हा कुणाच्या अंगावर कुठल्या रंगाचा शालू होता तेही.

एक टोमणा बनवून बघू. रविवार आहे, कॉलेजातला मुलगा साडेदहाला डोळे चोळत स्वयंपाकघरात येतो. आई सरळ रागावली तर म्हणेल, ‘‘साडेदहा वाजले, किती झोपतोस!’’ यात माहिती आहे आणि तक्रार आहे. तक्रारीला उत्तर असतं. मुलाकडे तर चार असतात: रात्री अभ्यास केला, आज सुट्टी आहे, बाबाही आत्ताच उठलेत, आणि तू उठवलं का नाहीस. पाचव्या मिनिटाला आईच आरोपीच्या पिंजऱ्यात.

दुसरी पायरी: ‘‘लवकर उठलास आज! झोपायचं अजून थोडं.’’ हा उपरोध झाला. म्हणायचं होतं त्याच्या उलट म्हटलं. पण हा कच्चा माल आहे. उलट केलेलं वाक्य सुलट करायला मुलाला अर्धा क्षणही लागत नाही. जोडणीचं काम कमी, म्हणून टोचणीही कमी. पुष्कळ लोकांची समजूत असते की उलटं बोललं की टोमणा झाला. तसं असतं तर पाऊस पडत असताना ‘काय ऊन पडलंय’ म्हणणारा प्रत्येक जण आचार्य अत्रे झाला असता.

आता तिसरी: ‘‘उठलात? अंघोळीला पाणी काढू, की एकदम रात्रीचीच पानं घेऊ?’’

इथे काय काय घडलं ते सावकाश बघण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, ‘उठलात’. जन्मापासून ज्याला अरेतुरे केलं त्याला एकाएकी आदरार्थी बहुवचन. तू, तुम्ही, आपण या मराठीतल्या तीन पायऱ्या. त्यांवर कोण कुठे उभा आहे हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं. कारण नसताना कुणाला वरच्या पायरीवर चढवलं की त्याचे कान टवकारतात. ‘आपलं उठणं झालं का?’ म्हटलं तर आणखी एक पायरी वर, म्हणजे धोका आणखी एक पायरी जवळ. मराठी माणसाचा अपमान करायला मानाइतकं सोयीचं हत्यार नाही.

दुसरी गोष्ट, वाक्यात उशिराचा उल्लेखच नाही. घड्याळ नाही, झोप नाही, आळस नाही. रात्रीची पानं म्हणजे दिवस संपला, दिवस संपला म्हणजे तो मी झोपेत घालवला, हा हिशेब मुलाने करायचा. तीन पायऱ्यांचा जिना तो स्वतः उतरतो आणि खाली पोचल्यावर त्याला कळतं की आपण कुठे आलो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. वाक्य प्रश्नाचं आहे आणि प्रश्न सेवेचा आहे. मुलगा चिडलाच तर आई शांतपणे म्हणू शकते, ‘‘मी काय म्हणाले? पाणी काढू का, एवढंच विचारलं ना?’’ ही मागच्या दाराची सोय ज्यात नाही तो टोमणा नव्हे, ते भांडण. चांगला टोमणा मारणारा घुसण्याआधी निघण्याची वाट बघून ठेवतो.

आणि क्रम. ‘रात्रीची पानं घेऊ, की अंघोळीला पाणी काढू?’ असं उलटवून बघा, जीवच गेला. टोक शेवटी हवं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्याने ऐकणाऱ्याला तसंही शेवटपर्यंत थांबावं लागतं, आणि टोमणा मारणारे या थांबण्याचा पुरेपूर फायदा घेतात. याच वाक्याच्या पुढे आईने ‘‘बघ किती वाजलेत ते!’’ असं जोडलं तर मात्र सगळं मुसळ केरात. अर्थ तिनेच सांगून टाकला, मुलाला जोडायला काही उरलं नाही. घरोघरचे उत्तम टोमणे या शेवटच्या फुकटच्या वाक्याने मरतात.

आवाजाचं काय? आपल्याकडच्या काव्यशास्त्राने याचा विचार फार आधी केला आहे. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार मानले. एक श्लेषाने होणारी, म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांवर खेळणारी. दुसरी काकूने होणारी. काकू म्हणजे आवाजाचा हेल, स्वराची वळणं. (घरातल्या काकूंशी याचा संबंध नाही असं शास्त्र सांगतं, अनुभव वेगळा असू शकतो.) ‘साहेबांची पचनशक्ती दांडगी आहे’ हे श्लेषाचं काम. लाच खातात असं कुणी म्हटलेलं नाही, पण कचेरीतला शिपाईसुद्धा हसतो. काकूचं काम ‘वा!’ या एका अक्षरात होतं. ‘वा’ आखूड तोडला तर दाद, लांबवून शेवटी खाली आणला तर पंचाईत. ‘हो का’ हे तर त्याहून घातक. सरळ म्हटलं तर साधी चौकशी. ‘का’ किंचित ओढला, की समोरच्याचं बोलणं आपण ऐकलं आहे, त्यातलं काहीही खरं मानलेलं नाही आणि त्याला आणखी बोलायचं असल्यास आपली करमणूक होईल, इतकं सगळं कळतं.

हेल गेला की काय होतं याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तो प्रसिद्ध केला. काही वाक्यं सरळ, काही उपरोधाने सांगायची, कधी ई-मेलने, कधी आवाजात. पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे वाटत होतं की शंभरांतली अठ्ठ्याहत्तरेक वाक्यं समोरच्याला बरोबर कळतील. आवाजात त्र्याहत्तर कळली. ई-मेलवर छप्पन्न, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तर जितकी जुळली असती त्याहून थोडीच जास्त. लिहिणाऱ्याच्या डोक्यात हेल वाजत असतो, वाचणाऱ्याला नुसती अक्षरं मिळतात. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ‘छान!’ या एका शब्दावरून पार्किंगचा वाद तीन आठवडे चालतो तो यामुळेच.

मग पुण्यातल्या पाट्या कशा लागतात? पाटीला तर ना आवाज, ना डोळे, ना भुवई. नमुन्यादाखल एक मीच बनवतो: ‘बेल एकदाच वाजवावी. येथे माणसे राहतात, अग्निशामक दल नाही.’ पहिलं वाक्य सूचनेचं. त्यावर थांबलं असतं तर ती नाशिकची, साताऱ्याची, कुठलीही पाटी झाली असती. पुणं दुसऱ्या वाक्यात आहे. दुसरं वाक्य कारण सांगतं, आणि कारण कुणीही मागितलेलं नसतं. न मागता कारण दिलं म्हणजे ते देण्याची वेळ आली असणार. म्हणजे कुणीतरी घंटा बडवल्यासारखी बेल वाजवली असणार. म्हणजे मालकांच्या मते तुम्हीही त्याच जातकुळीचे. तुमचं बोट अजून बेलपर्यंत पोचलेलं नाही आणि तुमचा पाणउतारा होऊन गेलेला आहे. कायद्यातल्या झ च्या घड्याळासारखंच हे. हेलाचं काम इथे भाषा करते. ‘वाजवावी’, ‘माणसे राहतात’, ही सरकारी परिपत्रकाची प्रमाणभाषा आणि विषय दारावरच्या बेलचा. बोलण्याची पट्टी आणि विषय यांच्यातलं हे अंतर वाचणाऱ्याच्या मनात आपोआप आवाज उभा करतं, बहुधा बंडीतल्या एका गृहस्थांचा. हल्ली पाट्यांचे फोटो फिरतात त्यांतल्या निम्म्या मुद्दाम फोटोसाठी रचलेल्या वाटतात. त्यांत सूचना खोटी असते, म्हणून टोमणाही पोकळ. अस्सल पाटीच्या मालकाला बेलचा खरोखरीच त्रास झालेला असतो.

उलटं बोललं म्हणजे टोमणा होत नाही, हे वर म्हटलंच. मग उपरोधात नेमकं घडतं तरी काय? डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन यांनी १९८१ साली त्याला एक चांगलं उत्तर दिलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उपरोधात आपण आपलं मत उलटं करून सांगत नसतो. दुसऱ्याचं बोलणं, दुसऱ्याची अपेक्षा, दुसऱ्याची फुशारकी आपल्या तोंडून पुन्हा वाजवत असतो आणि ती वाजवताना तिच्याकडे कसं बघतो ते दाखवत असतो. मराठी माणसाला हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाहीत, आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘मोठे इंजिनियर म्हणे! घरातला फ्यूज शेजारचा बारक्या येऊन बदलून गेला.’ इथे इंजिनियर असण्याचा दावा बोलणाऱ्याचा नाही, तो दुसऱ्या कुणाचा तरी उचलून चिमटीत धरलेला आहे. ‘म्हणे’ने तो चिमटीत धरता येतो, आपले हात घाण होत नाहीत.

विडंबनही याच जातीचं. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ १९२५ साली काढलं, तेव्हा पुण्यात रविकिरण मंडळाच्या कवींचा बोलबाला होता. अत्र्यांनी त्या कवितेवर टीकालेख लिहिले असते तर वाद झाला असता आणि विसरला गेला असता. त्यांनी त्यांचीच वृत्तं, त्यांचाच गहिवर, त्यांचीच भारदस्त शब्दकळा उचलली आणि फालतू विषयांवर चढवली. कवींचा आवाज कवींनाच ऐकवला. पुढे ‘मराठा’ दैनिकातले अत्रे वेगळे. तिथे शालजोडी नाही, उघडं पायताण आहे. ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ ही त्यांची मोजपट्टी महाराष्ट्रात अजून चालते. अतिशयोक्ती इतक्या टोकाला न्यायची की ऐकणारा आधी हसतो. हसल्यावर बाजू बदलायला वेळ लागत नाही. ताकद प्रचंड, पण नाजूक काम नव्हे. मला स्वतःला ‘झेंडूची फुले’मधले अत्रे जास्त घातक वाटतात. एक गंमतही नोंदवावी: कुठलाही हजरजबाबी किस्सा सध्या एकतर अत्र्यांच्या नावावर जमा होतो नाहीतर पु. लं.च्या. दोघांनी त्यांतले निम्मे जरी प्रत्यक्ष मारले असते तर त्यांना लिहायला वेळच मिळाला नसता.

आता नेमबाजी. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीत तीन माणसं आहेत. बोलणारी सासू, जिच्याकडे तोंड करून बोलायचं ती लेक, आणि जिला लागायचं ती सून. सासू लेकीला म्हणते, ‘‘अगं, आमटीत मीठ घालायचं असतं हे तुला शिकवलंय ना मी? सासरी नाव काढशील बाई.’’ सून आमटी ढवळत उभी. ती बोलली तर ‘तुला कुठे म्हटलं, तू का अंगाला लावून घेतेस?’ हे तयार, आणि गप्प राहिली तर कबूल केल्यासारखं. मागचं दार इथे वाक्याच्या रचनेत नाही, बसण्याच्या जागेत आहे. लेकीची तालीम या घरात होते आणि काही वर्षांनी ती दुसऱ्या घरात सून म्हणून आमटी ढवळत उभी असते, हा या व्यवस्थेचा क्रूर भाग.

सुनेच्या बाजूनेही शस्त्रं आहेत. सरळ बोलायची मुभा नसते तिथे वाकडं बोलण्याची कला वाढते. मंगळागौरीच्या रात्री खेळांत सासू, नणंद, विहीण यांची जी यथेच्छ टर उडवली जाते ती वर्षभराची थकबाकी आहे. गाणं आहे, खेळ आहे, सासूबाई समोर बसून टाळ्या वाजवताहेत, रागावणार कुणावर? शिमग्याला बोंब मारायची मुभा, वगातल्या सोंगाड्याला राजाची फिरकी घ्यायची मुभा, हे सगळे असेच परवाने. सोळाव्या शतकात एकनाथांनी हा परवाना भारुडात वापरला. त्यांच्या एका भारुडात गांजलेली सून भवानी आईला नवस बोलते आणि सासरच्या एकेका माणसाची वासलात लावायला सांगते. ऐकणाऱ्या बायाबापड्या खुदखुदतात; कीर्तनकार नंतर समजावतो की सासरची मंडळी म्हणजे विकार आहेत. दोन्ही अर्थ खरे, आणि दुसरा अर्थ पहिल्याचं मागचं दार.

जागा बदलली की तऱ्हा बदलते. कोकणातला खवचटपणा बहुधा गरिबीतून आलेला. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला रत्नागिरीचा अंतू बर्वा गावापासून देशापर्यंत कुणालाच सोडत नाही, आणि वाचणाऱ्याला हळूहळू दिसतं की त्या तिरकसपणाच्या खाली नुसतं एकटेपण आहे. पुण्याचा टोमणा व्यवस्थेच्या अभिमानातून येतो, वर्‍हाडातला मोकळा आणि तोंडावर. मालवणीत तर यंत्र उलटंच चालतं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. त्यातल्या शिव्या ऐकून सोवळी माणसं आधी दचकली, मग पुन्हा तिकीट काढून आली, कारण त्या शिव्यांत माया आहे. टोमण्यात शब्द गोड आणि भाव कडू. मालवणी गाळीत शब्द कडू आणि भाव गोड. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्याजस्तुतीची व्याख्या करताना हे दोन्ही एकाच अलंकारात घातलं आहे: निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा. स्पर्धा परीक्षेची मुलं ही व्याख्या घोकतात आणि घरी जाऊन आईच्या तोंडून उदाहरण ऐकतात, पण दोन्हींचा संबंध त्यांना कुणी सांगत नाही.

मागच्या दाराची खरी परीक्षा विधिमंडळात आणि संसदेत होते. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाची असंसदीय शब्दांची यादी बाहेर आली. तिच्यात ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’ असे शब्द दिसले आणि गदारोळ झाला. बंदी कुठल्याच शब्दावर नाही, संदर्भ पाहून शब्द कामकाजातून काढले जातात, असा खुलासा लोकसभा अध्यक्षांनी केला. वाद बाजूला ठेवा, यादीची मर्यादा बघा. यादीत शब्द घालता येतो. टोमण्यात काढण्यासारखा शब्दच नसतो. ‘सन्माननीय सदस्यांचा या विषयातला अनुभव माझ्यापेक्षा दांडगा आहे’, आणि विषय आहे टेंडर घोटाळ्याचा. काय काढणार? ‘सन्माननीय’ काढणार की ‘अनुभव’?

लहान मुलांवर मात्र हे चालत नाही. साधारण सहा वर्षांपर्यंत उपरोध त्यांना कळत नाही, कारण समोरच्याच्या मनात एक आणि तोंडात एक असू शकतं ही जाणीवच पक्की झालेली नसते. पाणी सांडलेल्या चार वर्षांच्या मुलाला ‘‘सांड, अजून सांड, छान!’’ म्हणणाऱ्या आईला पुढच्या मिनिटाला पोछा घेऊन बसावं लागतं. मोठ्यांपैकीही काहींची ही जोडणी करणारी शक्ती मेंदूच्या इजेने किंवा आजाराने जाते. सिमोन शमाय-त्सूरी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वाक्य कळत होतं, त्यातला उपरोध निसटत होता. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही तसं होतं. आयुष्यभर टोमण्यांवर जगलेले आजोबा टोमणा सरळ घेऊ लागले तर घरच्यांनी ‘म्हातारपणी निवळले’ असं न समजता डॉक्टरांना दाखवावं.

आणि जोडणी करू शकणाऱ्याला, पण उत्तर देऊ न शकणाऱ्याला मारलेला टोमणा? वर्गात पन्नास मुलांसमोर एकाला उभं करून ‘‘या, पंडित या’’ म्हणणारे मास्तर सगळ्यांनी पाहिलेत. रचना तीच, आदरार्थी बहुवचन तेच, पण मागच्या दाराची गरज कुणाला, मास्तरांना? त्यांना विचारणारं कोण आहे? धोका नसताना मारलेल्या टोमण्याला मी कला म्हणणार नाही. त्याला दुसरं नाव आहे आणि ते शालजोडीत गुंडाळण्याच्या लायकीचं नाही.

उरलं उत्तर. अंगावर आलेला टोमणा परतवायचे दोन रस्ते मला खात्रीचे वाटतात. पहिला, जोडणीच करायची नाही. सुटे भाग परत करायचे. ‘‘अंघोळीला पाणी काढू, की रात्रीचीच पानं घेऊ?’’ ‘‘पाणी काढ, जरा कोमट.’’ आता आईपुढे दोनच पर्याय: खरोखर पाणी काढणं, किंवा टोमण्याचा अर्थ समजावून सांगणं. दोन्हींत हार. मुलाने चेहरा मात्र निरागस ठेवायला हवा. ओठाचा कोपरा हलला तर लाटणं दूर नसतं.

दुसरा रस्ता कठीण, पण फळ मोठं. आरोप मान्य करायचा, अंगावर घ्यायचा, आणि पुढच्या वाक्यात त्याचंच टोक फिरवायचं. लग्नाच्या मांडवात मामा चार लोकांत भाच्याला म्हणतात, ‘‘काय रे, वाळलास फार. नोकरीत पगारबिगार देतात की नाही?’’ भाच्याने पगाराचा आकडा सांगितला तर संपला. त्याने मान हलवायची आणि म्हणायचं, ‘‘देतात की मामा. तुम्ही मागच्या दिवाळीला नेलेले परत आले ना, की बाळसं धरतो बघा.’’ चार लोकांतला एक तरी खोकतो, आणि मामांना एकदम आठवतं की पंगतीची व्यवस्था बघायची राहिली आहे.